झोपलेल्या माणसाचं माप

मी सव्वीस वर्षं पुरुषांचे कोट शिवते आहे आणि या सव्वीस वर्षांत मापाची चूक माझ्या हातून एकदाच झाली. ती नेमकी नवऱ्याच्या कोटात झाली. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

आमचे हे पाववाले. संध्याकाळी भट्टीवर जातात, सकाळी मैद्याने पांढरे होऊन घरी येतात, आंघोळ करतात आणि दुपार उलटेपर्यंत ताणून देतात. भट्टीपुढे बनियन आणि अर्धी चड्डी यापलीकडे अंगावर काही सहन होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण यांनी तोच पोशाख बाजारात, बँकेत, दवाखान्यात आणि पाहुण्यांसमोरही चालवला. कपडा अंगावर आहे हे जाणवलं की तो कपडा बिघडला, असं यांचं मत. माझं मत बरोबर उलटं. कपडा दुसऱ्याने बघायचा असतो आणि घालणाऱ्याने सोसायचा असतो. एवढा फरक असूनही संसार टिकला, कारण मी मशिनवर असते तेव्हा हे घोरत असतात.

आमची मुलगी माझ्यावर गेली आहे. घरात ती छकुली, पण कपाटात तिचे रुमालसुद्धा इस्त्री करून रंगाप्रमाणे लावलेले. वकिली करता करता ती न्यायाधीशाच्या परीक्षेला बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. शपथविधीची पत्रिका तिने माझ्या मशिनवर आणून ठेवली. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की पुरुषांना कोटाशिवाय प्रवेश नाही. त्या ओळीवर ती काहीच बोलली नाही.

"आई, पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मिळाल्यात," एवढंच ती म्हणाली. "दोन्ही भरलेल्या दिसायला हव्यात."

ती असं का म्हणाली ते मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या पदवीदानाला हे भट्टीवरून तसेच गेले होते. दारावरच्या माणसाने यांचा अवतार पाहिला आणि पाव पोचवायला आलेत असं समजून मागच्या दाराने स्वयंपाकघरात पाठवलं. तिथे कुणीतरी हातात ट्रे दिला. नाही म्हणणं यांच्या स्वभावात नाही, त्यामुळे यांनी अर्धा तास ट्रे वाहिले. छकुली पदवी घेऊन स्टेजवरून उतरली तेव्हा तिचे वडील समोरून सँडविचेस घेऊन येत होते. घरी आल्यावर कुणीच त्याचा विषय काढला नाही. आमच्याकडे जे जास्त लागतं त्याबद्दल बोलायची पद्धत नाही.

म्हणून या वेळी मी कंबर कसली. यांना कोट शिवायचा आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवायचं. यांनी मात्र पत्रिका वाचली आणि मला एकटीलाच जायला सांगितलं. भट्टीला कुणीतरी हवं, म्हणाले. मी तीन दिवस भांडले. सुखासाठी पोटच्या पोरीचा सोहळा सोडणारा माणूस पहिल्यांदाच बघते आहे, इथपर्यंत बोलले. हे भट्टीवर निघून गेले. माप तरी देऊन ठेवा म्हटलं, तर गळ्याला टेप लागताच यांना गुदगुल्या होतात, त्यामुळे माप बाजूला राहिलं आणि हे हसत हसत जिन्यावरून खाली पळाले.

मग मी ठरवलं, झोपेत घ्यायचं. दुपारी दोनच्या सुमाराला यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी हे कूस बदलत नाहीत. मी टेप घेऊन पलंगावर चढले. छाती, पोट, खांदे, हाताची लांबी, सगळं शांतपणे मिळालं. टेप पाठीखालून सरकवताना एकदा "पाव भाजले का बघ" असं पुटपुटले, तेवढंच. इतक्या वर्षांत इतकं शहाण्यासारखं माप मला एकाही गिऱ्हाइकाने दिलं नव्हतं. पोटाचा आकडा पाहून तर मी मनातल्या मनात यांचं कौतुक केलं. वयाच्या मानाने बरंच सपाट राहिलं आहे, असं मला वाटलं.

कच्च्या टाक्यांवर ट्रायल घेतल्याशिवाय मी कधीही पक्की टीप मारत नाही. हा नियम मी इथेही मोडला नाही. कच्चा कोट घेऊन दुसऱ्या दुपारी पुन्हा पलंगावर चढले, पुढचे दोन्ही भाग यांच्या अंगावर पसरले आणि जुळवून पाहिले. कोट असा काही बसला होता की डोळ्यांचं पारणं फिटावं. मी तशीच मशिनवर जाऊन बसले आणि पक्की टीप मारून टाकली.

शपथविधीच्या सकाळी हे घरी आले तर समोर खुंटीवर काळा कोट. घालायचा की चिंध्यांत टाकायचा तेवढं सांगा, मी म्हटलं. हे जवळ गेले. हाताला मैदा होता म्हणून नुसतंच वाकून शिवण पाहिली आणि माप कधी घेतलंस असं विचारलं. झोपेत, म्हटल्यावर हसले. मग आंघोळीला गेले आणि येऊन शर्ट चढवला. माझा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ भांड्यात राहिला नाही. यांनी कोट घातला आणि काज एकीकडे, बटण दुसरीकडे, मध्ये चार बोटांचं अंतर. मी ओढलं, यांनी श्वास घेतला, मी पुन्हा ओढलं. शेवटी यांनाच सुचलं म्हणून हे पलंगावर आडवे झाले, आणि बटण आपोआप काजात गेलं.

"झोपलो की झकास बसतो गं," हे छताकडे बघत म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस उताणा झोपला की त्याचं पोट दोन्ही बाजूंना वाटलं जातं. उभा राहिला की ते पुढे येऊन आपली जागा घेतं. सव्वीस वर्षं मी उभ्या माणसांची मापं घेत आले, म्हणून ही गोष्ट मला कधी कळलीच नव्हती. शिवणी उसवून सैल करायला तासभर हवा होता आणि हातात चाळीस मिनिटं होती. चूक माझी होती आणि दारात अडवले जाणार होते हे. पुन्हा एकदा.

हे हळूच उभे राहिले. बटण लावलेलंच होतं. चेहरा लाल झाला होता.

"चल," म्हणाले. "दोन तासांचाच प्रश्न आहे. सोसतो."

सोसतो हा शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. टॅक्सीत हे मागच्या सीटवर अर्धे आडवे होऊन आले. वाटेत मी विचारलं की इतकं करायचं होतं तर तीन दिवस मला का भांडायला लावलंत. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी पुन्हा काहीतरी घोळ घातला असता. मी नसतो तर तिची मान वर राहिली असती." मी सुख सुख म्हणून ज्याच्यावर तोंड टाकलं होतं ती या माणसाची भीती होती, आणि मला तीन दिवसांत ती दिसली नव्हती.

दारावरच्या शिपायाने कोट पाहिला आणि सलाम ठोकला. यांनी उत्तरादाखल हात उचलला आणि श्वास अडकून यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. मी यांना जिन्याखाली ओढलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पर्समधली कात्री काढली. आपल्या हातची पक्की टीप उसवताना काय वाटतं ते शिंप्यालाच विचारावं. कॉलरच्या खालपासून शेवटपर्यंत पाठीची मधली शिवण मी अस्तरासकट उघडली. कॉलर तेवढी शाबूत ठेवली, नाहीतर एका कोटाचे दोन झाले असते. यांनी भरभरून श्वास घेतला. पाठीवर वीतभर पांढरा शर्ट मोकळा झाला.

"आता वारा लागतो," हे म्हणाले. "असाच शिवायचास की पहिल्यापासून."

पुढून हे एखाद्या मंत्र्यासारखे दिसत होते. मी यांना बजावलं की काहीही झालं तरी कुणाकडे पाठ करायची नाही.

पण पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे अख्खा हॉल असतो, हे आम्हा दोघांनाही आत गेल्यावरच आठवलं. बसलेलं असेपर्यंत खुर्चीच्या पाठीने लाज राखली. न्यायमूर्ती आले तसे सगळे उभे राहिले. मी चटकन माझी मोठी पर्स यांच्या पाठीला लावून धरली. मागच्या रांगेतल्या बाईंनी काळजीने वाकून विचारलं, तेव्हा यांच्या पाठीला शेक देते आहे, असं सांगितलं. छकुलीने काळ्या झग्यात, कडक पांढऱ्या गळपट्टीत शपथ घेतली. तिचा आवाज जराही कापला नाही. यांचे डोळे मात्र वाहत होते, आणि पुसायला हात वर केला की कोट आणखी फाकत होता, म्हणून यांनी ते तसेच वाहू दिले.

खरी परीक्षा चहाच्या वेळी झाली. हे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कुणी बोलायला आलं की नमस्कार करायचे आणि उलट्या पावलांनी मागे सरकायचे. सर्वांत मोठे न्यायमूर्ती आले तेव्हा तर हे त्यांच्यासमोरून वाकत वाकत दहा पावलं उलटे गेले आणि चहाच्या टेबलाला धडकून थांबले. न्यायमूर्तींनी माझ्याकडे वळून सांगितलं की मोठ्यांना पाठ न दाखवण्याची ही रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती, आता ती उरली नाही. तुमच्या घराण्यात कुणी दरबारात होतं का, असंही विचारलं. भट्टीवर होते, मी म्हटलं. त्यांना ते नीट ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी आदराने मान हलवली.

एवढ्यात छकुली रांगेतून निघून थेट यांच्याकडे आली आणि सगळ्यांदेखत तिने यांना मिठी मारली. तिचे दोन्ही हात यांच्या पाठीवर गेले. मला लांबून तिचा चेहरा दिसत होता. तिथे कापड नाही हे तिच्या बोटांना कळलं तो क्षण मी पाहिला. रुमाल रंगाप्रमाणे लावणारी पोरगी ती. तिचा जबडा घट्ट झाला, डोळे मिटले, पण हात तिने तसेच ठेवले. हेही हलले नाहीत. तिला कळलंय हे यांनाही कळलं होतं.

तेव्हाच शिपायाने आवाज दिला. नव्या न्यायाधीशांनी न्यायमूर्तींमागून रांगेने, दोन्ही बाजूंच्या लोकांमधून बाहेर पडायचं होतं. घरच्यांनी नंतर. तशी शिस्तच होती आणि शिस्त मोडायच्या बाबतीत छकुलीने आजवर कुणाचं ऐकलेलं नाही.

"सर, माझी जागा रिकामी राहू द्या," ती न्यायमूर्तींना म्हणाली. "मी बाबांबरोबर येते."

मग तिने आपल्या झग्याची रुंद काळी बाही पसरून हात यांच्या पाठीवर ठेवला, कॉलरपासून कमरेपर्यंत, आणि यांना हॉलच्या मधोमध घेतलं. लोक बघत होते. हे आधी बिचकले, मग सरळ झाले आणि माझ्या कोटात, सगळ्यांकडे पाठ करून, दाराकडे चालू लागले. मी मागून जात होते. मला रडू आवरत नव्हतं, ते मी आवरलंही नाही.

"छकुले," यांनी मान न वळवता हळू आवाजात विचारलं, "मागून फार दिसतंय का गं?"

"काही दिसत नाही, बाबा," ती म्हणाली. "मी आहे ना."