मागल्या फाटकाची सोय

रिकामा कंटेनर हा राष्ट्राच्या प्रगतीतला सर्वांत मोठा अडथळा आहे आणि तो दूर करण्याचं ऐतिहासिक कार्य मोखाडा तालुक्याच्या वाट्याला आलं आहे, असं कंपनीच्या संचालकांनी डेपोच्या उद्घाटनात सांगितलं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना कंटेनर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. उरलेल्यांना जेवण कुठल्या मांडवात आहे एवढंच विचारायचं होतं. मोखाड्याच्या वाट्याला ऐतिहासिक कार्यं अधूनमधून येतच असतात. साधी कामं तेवढी येत नाहीत, त्यांच्यासाठी दिवाळी झाली की लोक भिवंडी-वसईची वाट धरतात.

कल्पना मात्र कागदावर देखणी होती. नाशिककडचे द्राक्षं आणि कांदा परदेशी धाडणारे व्यापारी एक रिकामा डबा आणायला ट्रक थेट बंदरापर्यंत पाठवायचे. ते डबे मध्येच कुठे तरी रचून ठेवले तर ट्रकचा निम्मा रस्ता वाचेल, डिझेल वाचेल, भाडं उतरेल. नकाशावर पट्टी ठेवून हे 'मध्येच' शोधलं गेलं आणि ते खोडाळ्याच्या अलीकडच्या एका माळावर निघालं. माळावर निळे-लाल डबे चार-चार मजले चढले. गुरं कुठे चारायची हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा होता.

डेपोचा यार्ड इन्चार्ज देवानंद हा माळाच्या मागल्या बेहेडपाड्यातलाच. जव्हारला बी. कॉम. झालेला, भिवंडीच्या गोदामात सुपरवायझरकी करून परत आलेला. पाड्यात पक्क्या नोकरीचा तो पहिलाच माणूस, त्यामुळे त्याचा शब्द पाड्यात सरकारी आदेशापेक्षा वर होता. सरकारी आदेश कधी पाड्यापर्यंत पोचलेच नव्हते, हा भाग वेगळा.

डेपोत देवानंदाला एकाच गोष्टीची राखण करायची होती, ती म्हणजे वेळ. ट्रक फाटकातून आत आला की घड्याळ सुरू, डबा घेऊन बाहेर पडला की बंद. ट्रक जितका वेळ उभा तितका खर्च चढता. देवानंदाने डबे रचायची पद्धत बदलली, आधी जाणारा डबा वर ठेवायला लावला, ड्रायव्हरांचं चहाला रेंगाळणं बंद केलं, आणि साल संपायच्या आत ट्रकचा सरासरी वेळ निम्म्यावर आणला. ठाण्याच्या हेड ऑफिसातून त्याला भिंतीवर लावायचं घड्याळ बक्षीस आलं.

अडचण एकच होती. पाड्यातून डांबरी रस्त्याला यायची जुनी वाट बरोब्बर यार्डाच्या मधून जात होती. डेपो वाटेवर बसला, असं पाड्यातले म्हणत. वाट डेपोत घुसली, असं कंपनीचं म्हणणं. ग्रामपंचायतीने हरकत घेऊ नये म्हणून कंपनीने पाड्याच्या अंगाला एक मागलं फाटक दिलं, मोटरवर सरकणारं. माणूस आत घेतला की डबे उचलणारी यंत्रं जागच्या जागी थांबली पाहिजेत, असा सुरक्षेचा नियम होता. पण यंत्रं थांबली की ट्रक थांबतो, आणि ट्रक थांबला की देवानंदाचं घड्याळ बिघडतं.

म्हणून त्याने सोय केली. मागल्या फाटकावरचा वॉचमन बटण दाबणार, वर केबिनच्या स्क्रीनवर 'पायी' अशी ओळ उमटणार, यंत्रं मोकळी झाली की केबिनमधून फाटक उघडणार. तोवर फाटकावरच्या पाटीवर 'थांबा' अशी लाल अक्षरं. लाकूडफाटा घेतलेल्या बाया, खोडाळ्याच्या बाजाराला निघालेले म्हातारे थांबू लागले. यंत्रं चालू असताना यार्ड ओलांडायचा नाही, हाही नियम देवानंदाचाच. वॉचमन लाडक्याचा डेपोतच कामाला असलेला भाऊ एकदा घाईत मधून पळाला, तर देवानंदाने त्याला त्याच दिवशी कामावरून काढून घरी पाठवला. आपलं माणूस म्हणून सोडलं तर शिस्त राहत नाही, असं तो म्हणाला, आणि पाड्याला ते पटलंही.

दुसरं बटण होतं 'तातडी'चं. ते त्याने धाकट्या बहिणीसाठी, माघीसाठी, केलं होतं. तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं पोर दवाखान्याला नेताना झोळीतच गेलं होतं, माळावरच्या चिखलात. तेव्हा डेपो नव्हता. आता 'तातडी' दाबलं की सगळी यंत्रं एका दमात थांबणार, मागलं-पुढलं दोन्ही फाटकं उघडणार, आणि बांबूला बांधलेली झोळी सरळ यार्डातून रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सपाशी. पुढे जव्हारचा दवाखाना.

"दादा, माज्या एकलीसाठी येवढ्या मशीनी थांबवशील?" माघीने विचारलं होतं.

"बटन दाबायला काय लागतं?"

"मंग मी ऐटीत जाईन. झोळीतून हात हालवीन सगल्यांना, मंत्र्यासारखी."

"मंत्री झोळीतून जात नाय," तिचा नवरा भिका म्हणाला.

"त्याला पोर होत नाय म्हनून," माघी म्हणाली.

देवानंद हसला. पाड्याचं आजवर कोणी एवढं भलं केलं नव्हतं, असं त्याला मनातून वाटलं. ते खोटंही नव्हतं.

श्रावण लागला आणि हेड ऑफिसातून पाहणीची तारीख आली. हर्षदा मॅडम येणार, सोबत कंपनीचे सल्लागार येणार. मोखाड्याचं काम आवडलं तर अशा सगळ्या डेपोंवर देवानंदाला नेमायचं घाटत होतं. आदल्या दिवशी सल्लागारांनी ठाण्यातूनच फोनवर स्क्रीन तपासला.

"हे 'तातडी' काय आहे? लाल रंगात?"

"इमर्जन्सी आहे सर. आतापर्यंत वापरावी लागली नाही."

"वापर शून्य, मग ठेवलंय कशाला? मॅडमची नजर पहिल्यांदा लालवर जाते. 'पायी'मध्येच टाका ना. तेही पायीच येतात की."

देवानंदाने विचार केला. माघीला अजून दिवस होते, आशाताई जयश्री तसंच म्हणाली होती. एका दिवसाचा तर प्रश्न. परवा पुन्हा चालू करू. त्याने 'तातडी' बंद केलं. लाडक्याला सांगायचं त्याच्या मनात होतं, पण तेवढ्यात केबिन पुसायला माणसं आली.

पाहणीच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून होता. केबिनमध्ये मात्र थंडगार, कोरडं. फोन मध्येच वाजायला नको म्हणून देवानंदाने तो आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये सारला होता. समोर मोठ्या स्क्रीनवर ट्रकांच्या ओळी हिरव्या-हिरव्या सरकत होत्या. हर्षदा मॅडमनी मान डोलावली.

"इतक्या आतल्या भागात हे! मला खरंच वाटलं नव्हतं."

"लोकल टीम आहे मॅडम," सल्लागार म्हणाले. जणू भाताचं वाण सांगत होते.

तेवढ्यात खाली एक ओळ उमटली. 'पायी'.

ती उघडली की यंत्रं थांबणार, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्या हिरव्या ओळी पिवळ्या होणार. बाजाराचा दिवस होता. म्हातारे निघाले असतील, देवानंदाने मनाशी म्हटलं. थांबतील जरा. त्याने 'थांबवा' दाबलं. ओळ करडी झाली आणि स्क्रीनच्या तळाशी जाऊन बसली.

चहा आला. जव्हारहून मुद्दाम आणलेल्या मिठाईचं खोकं उघडलं. सल्लागारांनी पुढल्या फाटकाच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.

"ही ॲम्ब्युलन्स कुणाची उभी आहे बाहेर?"

देवानंदाने पाहिलं. रस्त्याच्या कडेला, पावसात, १०८ची गाडी. दार उघडं, डॉक्टर छत्री घेऊन डेपोच्या फाटकाकडे पाहत उभा. देवानंदाचा हात ड्रॉवरकडे गेला. पण मॅडम त्याच्याकडे बघत होत्या, आणि उत्तर त्याच्या तोंडात अगदी तयार होतं.

"सेफ्टीसाठी मॅडम. व्हिजिटच्या दिवशी आम्ही स्टँडबाय ठेवतो."

"व्हेरी गुड," हर्षदा मॅडम म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं.

त्यानंतर सादरीकरण झालं. डबे कसे रचतो, ट्रक कसा वळवतो, घाटातल्या गाड्यांना कसा नंबर लावतो. देवानंद चांगला बोलला. इतका चांगला तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. बोलताना दोनदा त्याची नजर तळाच्या करड्या ओळीकडे गेली. दोन्ही वेळा कोणी तरी प्रश्न विचारला.

सरतेशेवटी सगळे छत्र्या घेऊन यार्ड बघायला निघाले. पाहुणे येणार म्हणून आता यंत्रं थांबवली होती. फिरत फिरत मंडळी मागल्या फाटकाशी आली, आणि देवानंदाला आधी बांबू दिसला.

जाळीपलीकडे, चिखलात, दोन दगडांवर बांबूची टोकं टेकवलेली. मध्ये झोळी, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद. कागदाच्या कडेने गळणारं पाणी स्वच्छ होतं, झोळीखालून गळणारं तांबूस. भिका आणि पाड्यातलाच पोश्या उकिडवे बसले होते, खांद्यावर पडलेल्या बांबूच्या वळांना हात लावून. आशाताई जयश्री कागदाखाली वाकली होती. लाडक्या जाळीला धरून उभा.

देवानंदाला पाहून भिका झटक्यात उठला. त्याच्या तोंडावर चक्क सुटका झाल्याचं हसू होतं.

"आलास का दादा! मी बोललोच यांना. गाडी आत आणली का?"

देवानंदाने पाटीकडे पाहिलं.

"पाटीवर 'थांबा' आला ना," भिका सांगत राहिला, "तवा पोश्या बोलला, चल ओढ्याकडनं फिरून. मी बोललो, येडा काय? वर दादा बसलाय. त्यानं बघितलाय म्हनून थांबवलाय. गाडीच आत घेत असंल, माघीला हिसके नको म्हनून."

"'तातडी' दाबलं सायेब, लागंच ना," लाडक्या म्हणाला. "मंग पायी दाबलं. फोन लावलं, लई लावलं." तो जरा थांबला. "यार्डातून पळत येनार व्हतो. पन मशीनी चालू व्हत्या."

"हे काय आहे?" मागून हर्षदा मॅडमनी विचारलं. "कोणी आजारी आहे का?"

जयश्रीने कागद बाजूला सारला. तिने मॅडमकडे पाहिलं नाही. देवानंदाकडे पाहिलं.

"फाटक उघड," ती म्हणाली. "अजून धुगधुगी हाय."

फाटक उघडलं. देवानंदाने बुटांसकट चिखलात पाय टाकला आणि बांबूचं पुढचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. यार्ड ओलांडायला फार वेळ लागला नाही. वाट खरोखरच सरळ होती, त्याने आखली होती तशी. माघीचा हात झोळीबाहेर आला होता आणि चालण्याच्या हिसक्यांनी हलत होता. एका ड्रायव्हरने केबिनमधून उलट हात हलवला, त्याला वाटलं कोणी तरी बोलावतंय.

मोखाडा सोडून जव्हारकडच्या वळणांवर माघी गाडीतच गेली. बाळ त्याच्या आधीच गेलं होतं. डॉक्टर तरुण होता, त्याने वेळ लिहिली आणि विचारलं, "इतका उशीर का केला तुम्ही?" भिका म्हणाला, "उशीर नाय केला सायेब. आमी लवकरच आलेलो."

कंपनीने शोक व्यक्त केला. हेड ऑफिसातून आलेल्या पत्रात माघीचं नाव चुकलं होतं, पण देवानंदाचं पद बरोबर होतं. 'तातडी'चं बटण परत बसवलं, पूर्वीपेक्षा मोठं, आणि त्याच्यावर प्लॅस्टिकचं झाकण घातलं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. पाहणीचा अहवाल उत्तम आला. ॲम्ब्युलन्स सज्ज ठेवल्याबद्दल त्यात वेगळा परिच्छेद होता.

माघीच्या दिवसकार्याला देवानंद पाड्यात गेला. जेवणं उरकल्यावर भिका त्याच्याजवळ येऊन बसला. अंगणात माघीने पेरलेल्या काकडीचा वेल मांडवावर चढला होता.

"दादा, एक इचारू? रागावशील?"

"विचार ना, दाजी."

"त्या दिशी... तू स्क्रीन बघितलास का नाय?"

देवानंदाने वेलाकडे पाहिलं. आजूबाजूला पाड्यातली सगळी माणसं होती, सगळी आपापल्यात बोलत होती आणि सगळी ऐकत होती.

"नाय," तो म्हणाला. "लाइट गेलेली. स्क्रीन बंद होता."

भिकाने श्वास सोडला. त्याचे डोळे भरले.

"तेच मी सांगत व्हतो," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लाइट गेलेली. दादा बघून थांबवंल का?"

कोणी तरी देवानंदाला पाणी दिलं. तो ते पीत राहिला. लाडक्या कुडाला टेकून बसला होता. त्या दिवशी पाटीवरची लाल अक्षरं विजेवरच पेटलेली होती आणि ती सबंध वेळ त्याने पाहिली होती. तो काही बोलला नाही. घरी त्याचा भाऊ आधीच बिनकामाचा बसला होता.

बाकीच्या डेपोंवर देवानंदाची नेमणूक झाली नाही, कारण बाकीचे डेपो झालेच नाहीत. पुढल्या उन्हाळ्यात कंपनीने नवे हिशेबनीस नेमले. रिकामे डबे बंदरावरून मोखाड्यापर्यंत चढवून आणायला घाटात जे डिझेल जळतं, ते आजवर वेगळ्याच खात्यावर पडत होतं. त्यांनी दोन्ही खाती एकत्र केली. डेपो सुरू झाल्यापासून एकाही कंटेनरचा वाहतूक खर्च कमी झालेला नव्हता.