तीनदा तपासलेलं पाणी

ते पत्र पुस्तकाच्या कितव्या पानात आहे, हे सहादू बोरसे यांना न बघता सांगता आलं असतं. दोनशे अठरा. अकरा वर्षांत सिडकोतलं हे घर दोनदा रंगवून झालं, पुस्तकांचं कपाट हॉलमधून आतल्या खोलीत गेलं, बायको गेली. पत्र मात्र त्या पानातून हललं नव्हतं. समोर बसलेल्या मुलीने मोबाइलवरचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला, तेव्हा त्यांची नजर आधी आतल्या खोलीच्या दाराकडे गेली आणि मग फोटोकडे.

"सर, ही सही तुमचीच ना?"

फोटोत एका मातीच्या भिंतीवर चौकटीत बसवलेला कागद होता. शेजारी सप्तशृंगीचं कॅलेंडर, आणि दोघांना मिळून एकच सुकलेला हार. कागदावर लिहिलं होतं: विहिरीचे पाणी, तणनाशकाचा अंश, आढळला नाही. खाली त्यांची शाळामास्तरासारखी वळणदार सही.

"माझीच," ते म्हणाले.

मुलीचं नाव निकिता. विद्यापीठात संशोधन करत होती. कळवण भागातल्या विहिरींचं पाणी तपासायचं, त्या विहिरींवर राहणाऱ्यांत कंपवाताचे रोगी किती ते मोजायचं, आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघायचं, असं तिचं काम होतं. अमुक पाण्याने तमुक माणूस आजारी पडला असं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही, हे तिने आपणहून सांगितलं. पण ठरावीक औषधं वर्षानुवर्षं फवारणाऱ्या माणसांत हा आजार जास्त दिसतो, असं बाहेरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलेलं आहे, म्हणाली. सहादूंनी ते सगळं वाचलेलं होतं. निवृत्तीनंतर ते दुसरं काही वाचतच नव्हते.

तिची अडचण एवढीच होती की या एका घरातून तिला पाण्याचा नमुना मिळत नव्हता. घरची बाई, सुवर्णा, चौकटीकडे बोट दाखवायची. नाशिकच्या साहेबांनी तपासलंय, म्हणायची. आणि तिचा नवरा केरू, सगळ्या पंचक्रोशीच्या द्राक्षबागांत फवारणी करून आलेला, त्या तालुक्यातला सगळ्यात जास्त थरथरणारा माणूस होता.

सहादूंची मुलगी हर्षाली चहा घेऊन आली. ती मेडिकलच्या दुकानात बसायची आणि वडिलांची चेष्टा करायची एकही संधी सोडायची नाही. "यांनी तपासलं म्हणजे प्रश्नच नाही," ती निकिताला म्हणाली. "प्रयोगशाळेत यांचं नाव काय होतं माहितीये का? पुन्हा-एकदा बोरसे. घरात दूध नासलं तरी तीनदा वास घेतात."

निकिता हसली. मग कप हातात धरून जरा चाचरत तिने विचारलं, "सर, नमुना काचेत घेतला होता की प्लॅस्टिकमध्ये? आठवतं का?"

तिला माहीत होतं तर. आजकालच्या मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतात.

"फार वर्षं झाली," सहादू म्हणाले. "नाही आठवत."

त्यांना सगळं आठवत होतं. सातपूरच्या त्या खासगी प्रयोगशाळेत ते निर्यातीच्या द्राक्षांतले औषधांचे अंश तपासायचे. बाई एकटी आली होती, कळवणहून एसटीने, मांडीवर गोडेतेलाचा पांढरा प्लॅस्टिकचा कॅन धरून. कॅन धुतलेला होता, तरी तोंडापाशी तेलाचं चिकट वर्तुळ होतं. फवारणीचे पंप विहिरीच्या काठावरच धुतात, नवऱ्याच्या हाताला कंप सुटलाय, पाण्यात काही आहे का तेवढं बघा, म्हणाली. सहादूंना घाणेरड्या भांड्यांचा मनापासून तिटकारा होता. त्यांनी तिच्यादेखत एक काचेची बाटली आम्लाने धुतली, ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळली, तिचं पाणी त्यात ओतलं आणि कॅन रिकामा करून परत दिला. बाई त्या बाटलीच्या लखलखाटाकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासणी केली. तीनदा. तिन्ही वेळा यंत्राच्या आलेखावरची रेघ सरळ, कुठे साधा उंचवटा नाही.

दोन महिन्यांनी, तपासणीच्या पद्धतींवरच्या एका परदेशी पुस्तकात, पान दोनशे अठरावर, त्यांनी एक साधं वाक्य वाचलं. हे तणनाशक काचेला चिकटतं. नमुना प्लॅस्टिकमध्येच घ्यावा. म्हणजे पाण्यात जे काही होतं, ते रातोरात बाटलीच्या आतल्या बाजूला जाऊन बसलं असणार. त्यांनी तीनदा तपासलं ते उरलेलं पाणी. तेलकट कॅनमध्ये ते सापडलं असतं. त्यांच्या स्वच्छतेत हरवलं.

त्यानंतर आठवड्याच्या आत पत्र आलं. शाळकरी अक्षरात, बाईने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं.

'साहेब, तुमच्या कागदावर काही नाही असे आहे. गावातले म्हणतात, पाणी चांगले आहे तर केरूचा हात दारूनेच कापतो. हे देवीची शपथ घेतात की पीत नाही. मला खरे-खोटे कळत नाही. पुन्हा एकदा बघाल का? नाही जमले तर कागद बरोबर आहे का एवढेच लिहा. पाकीट सोबत आहे.'

सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट होतं. कुणी त्यांना उत्तर देऊ नका म्हटलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं असतं तर दुसरा नमुना मागवता आला असता. पण चुकलो हे लिहायचं तर आधी शंभर टक्के खात्री हवी, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि खात्री तर त्यांना कशाचीच कधी नसायची. त्यांनी पत्र पाकिटासकट पान दोनशे अठरावर ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

निकिता गेल्यावर चौथ्या दिवशी ते कळवणची एसटी धरून निघाले. हर्षालीला सांगितलं, जुन्या मित्राकडे जातो. तुम्हाला मित्र कधीपासून, ती म्हणाली.

सुवर्णाने त्यांना ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र तिची अशी काही धांदल उडाली की त्यांनाच लाज वाटली. सुनेला, राखीला, हाक मारून तिने चादर अंथरायला लावली, पदराने चौकटीची काच पुसली, आणि तांब्याभर पाणी आणून पुढ्यात ठेवलं.

"घ्या, साहेब. तुमचंच पाणी हाय."

शेवग्याखाली खाटेवर केरू बसलेला होता. चेहरा लाकडात कोरल्यासारखा, पापणीही हलत नव्हती. हलत होता फक्त उजवा हात. अंगठा बोटावर घासत होता, जणू तो सकाळपासून तंबाखू मळत बसलाय आणि मळून होतच नाहीये. विहीर दहा पावलांवर होती. काठाच्या फरशीवर एक निळा पंप उपडा टाकलेला.

सहादूंनी तांब्या उचलला. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते प्यायले. पाणी थंड होतं, गोड होतं.

मग सुवर्णा बोलत राहिली, आणि सहादू ऐकत राहिले. तो कागद आला त्या दिवशी तिने तो सगळ्या गावाला दाखवला होता. झालं, गावाने निकाल लावला. फवारणीचं काम कुणी देईना. दारुड्याच्या हातात कोण औषध देणार. तिने त्याचे खिसे तपासले, तोंडाचा वास घेतला. वास नसायचा, तर म्हणायची वेलची खाल्ली असेल. मालेगावच्या बाजूला दारू सोडवणाऱ्या एका बाबाकडे नेलं, तिथे त्याला तीन दिवस खांबाला बांधून ठेवला होता. हात थांबला नाही.

"मी ह्यांना चपलेनं हाणलंय, साहेब," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पडला नाही. "पोरांच्या देखत. एकदा नाय, लय वेळा. सहा वर्सांनी सिव्हिलच्या डॉक्टरनं सांगितलं, बाई, ही दारू नाय, हा कंपवात हाय. तवर ह्यांचं बोलणंच गेलं होतं."

सहादूंनी तांब्या खाली ठेवला.

"आता ती पोरगी येती पाणी मागाया. मी देत नाय. तुम्हीच सांगा, आता त्या पाण्यात कायतरी निघालं, तर मग मी ह्यांना कशापायी मारलं?"

राखी कडेवर मूल घेऊन विहिरीवर गेली होती. रहाटाचा आवाज येत होता.

"चांगलं हाय ना पाणी, साहेब?"

सहादू म्हणाले, "कागदावर आहे तसं..."

"तेच म्हणते मी," सुवर्णा म्हणाली आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं त्यांना दिसलं.

ते निघायला उठले तेव्हा खाटेवरून काहीतरी आवाज आला. इतका बारीक की आधी त्यांना वाटलं पानं वाजली. ते वाकले. केरूच्या डोळ्यांत काही दिसत नव्हतं. ओठ तेवढे हलत होते. तालुक्याचा कुणी मोठा साहेब चौकशीला आलाय असं त्याला वाटलं असावं.

"साहेब... मी पीत नव्हतो."

"आता कोण म्हणतंय तुम्हाला," सुवर्णा म्हणाली आणि तिने त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

घरी आल्यावर सहादूंनी उत्तर लिहायला घेतलं. 'नमुना साठवण्याच्या पद्धतीत त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही,' असं पहिलं वाक्य झालं. ते बाईला कळणार नाही म्हणून खोडलं. मग वाटलं, कळलं तर ती कोसळेल. मग वाटलं, नाही कळलं तर सून आणि नातू पीत राहतील. रोज सकाळी ते एक कागद लिहायचे आणि दुपारी फाडायचे. निकिताला फोन करून काच की प्लॅस्टिक एवढं सांगणं एका मिनिटाचं काम होतं. तेही झालं नाही. असे अठ्ठावीस दिवस गेले.

एकोणतिसाव्या दिवशी निकिताचाच फोन आला. केरू गेला होता. घास घशात अडकला. आज दहावा, ती तिथूनच बोलत होती, आणि तिचा आवाज तिला आवरत नव्हता.

नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तासभर झाला. पोराने हात जोडले, सुवर्णाने घराची काळजी घेईन म्हणून सांगितलं, नातवाचं नाव घेतलं. कावळे झाडावर बसून राहिले. तेव्हा केरूचा चुलतभाऊ कारभारी मोटरसायकल काढून गेला आणि दारूची बाटली घेऊन आला. पिंडाशेजारी द्रोणात थोडी ओतली. आणि कावळा उतरला.

"सगळे हसले, सर," निकिता म्हणाली. "कारभारी म्हणाला, बघा, मेल्यावर तरी खरं बोलला. आणि बाई, सर, बाई त्यांच्यात बसून मान हलवत होत्या. हो, हो, म्हणून."

सहादू उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेले. मग म्हणाले, "नमुना तेलाच्या कॅनमध्ये आला होता. मी काचेत ओतला. मला तेव्हाच कळलं होतं. त्याच वर्षी."

पलीकडे कुणीतरी जेवायला बसा म्हणून ओरडत होतं.

"मला हे लिहून द्याल का, सर?" निकिता शेवटी म्हणाली. तिचा स्वर आता वेगळा होता. चहाच्या दिवशीची ती मुलगी त्यात नव्हती.

"देतो. आधी तिकडे लिहितो."

या वेळी त्यांनी कच्चा कागद घेतला नाही.

'सौ.' असं लिहून ते थांबले. ते खोडलं, आणि खाडाखोड तशीच राहू दिली.

'सुवर्णाबाई, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला अकरा वर्षे उशीर झाला. कागद बरोबर नाही. पाण्यात काही नाही असे मी लिहिले, पण पाण्यात काय होते ते मला दिसलेच नव्हते. तुमचा तेलाचा कॅन चांगला होता. माझी बाटली चुकीची होती. हे मला तुमचे पत्र येण्याआधी कळले होते आणि मी गप्प राहिलो. केरू यांचा आजार कशाने झाला ते मी सांगू शकत नाही. पण ते पीत होते असे माझ्या कागदावरून ज्यांनी ठरवले, त्यांनी ते चुकीच्या कागदावरून ठरवले. विहिरीचे पाणी आजपासून पिऊ नका. निकिताला नमुना द्या, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. हे पत्र चारचौघांत वाचून घ्या. कारभारी यांनाही ऐकवा. भिंतीवरचा कागद काढून टाका. सहादू बोरसे.'

तुम्ही मारले त्यात तुमचा दोष नाही, असं एक वाक्य त्यांना लिहायचं होतं. ते त्यांनी लिहिलं नाही. ते माफ करणारे कोण?

पान दोनशे अठरावरचं पाकीट पिवळं पडलं होतं, पण डिंक अजून धरत होता. पोस्टातल्या खिडकीवरच्या बाईने ते उलटसुलट करून पाहिलं.

"आजोबा, हे कुठून काढलंत? तिकीट फार जुनं दिसतंय."

"चालणार नाही का?"

"चालेल की. वापरलेलं कुठेय?" तिने शिक्का उचलला आणि पत्ता वाचला. "आणि हे नाव बरोबर आहे ना? केरू?"

त्या वेळी बाईने रीतीप्रमाणे पत्ता नवऱ्याच्या नावाने घातला होता. शाळकरी अक्षर, निळी शाई, नावाखाली पट्टीने ओढलेली रेघ. सहादूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नाव पुन्हा एकदा वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.