खोक्यातला पत्रा

अंबरनाथच्या कारखान्यातली साचे घडवण्याची पक्की नोकरी हेमचंद्रने सोडली ती एका खोक्यापायी. टीव्ही गेमचं प्लास्टिकचं खोकं. बाजारात मिळणारी खोकी त्याला बघवत नसत. कॅसेट घातली की खाच फाकते, झाकण दाबलं की करकरतं, आणि माल जड वाटावा म्हणून आत चक्क लोखंडाचा पत्रा चिकटवलेला! त्याने दोन वर्षं खपून स्वतःचा साचा केला. गोल कोपरे, आतून उभ्या पट्ट्या, हाताला हलकं पण दणकट. आज उल्हासनगर कॅम्प चारमधले व्यापारी लेखराजशेठ नमुना बघणार होते. त्यांनी नाकारलं तर साचा भंगारात आणि हेमचंद्र पुन्हा जुन्या साहेबाच्या दारात, हे त्याच्या बायकोला, उमाला, पुरतं ठाऊक होतं.

म्हणूनच तर तिने घोळ घातला. दुकानात गिऱ्हाईक खोकं उचलून बघतं आणि हलकं लागलं की "डुप्लिकेट" म्हणत खाली ठेवतं, हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. नवरा आंघोळीला गेला तेवढ्यात तिने नमुना उघडून आत पत्रा चिकटवला. नवऱ्याचं भलं करायला निघालेली बाई त्याला विचारते थोडीच!

दुकानाच्या पायऱ्या चढताना हेमचंद्र खुशीत म्हणाला, "शेठ आधी माल फरशीवर आपटतात. प्लास्टिक भेसळीचं असलं की तिथंच कळतं. आपल्याला कसली भीती? हलक्या वस्तूला मारही कमीच बसतो."

उमा पायरीवरच थबकली. पिशवी तिच्याच हातात होती.

"अहो, जरा..." ती म्हणेपर्यंत शेठ "या, या" करत पुढे आले. त्यांनीच पिशवीतून खोकं काढलं.

"वजन अच्छा है," म्हणत त्यांनी हात वर नेला.

हेमचंद्रचं हसू मावळलं. कसलं वजन?

"थांबा!" उमा ओरडलीच. "आत पत्रा आहे. मी घातलाय. यांना काही माहीत नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेमचंद्रने शेठच्या हातातून खोकं घेतलं. त्याने स्क्रू काढले, पत्रा उचकटला, खोकं पुन्हा बंद केलं. शेवटचा स्क्रू दोनदा खाली पडला.

शेठनी खोकं आपटलं. उचलून कोपरे दाबले, खाचेत कॅसेट सारली, पुन्हा आपटलं. तडासुद्धा गेला नाही.

"चीज पक्की आहे, भाऊ. घेतो मी. पण तो पत्रा पाहिजे. हरेक पीसमध्ये."

"शेठ, पत्रा घातला की हेही बाकीच्यांसारखं फुटणार."

"फुटू दे ना. आपटून मी बघतो. कस्टमर उचलून बघतो."

आता हा भांडणार, खोकं काखोटीला मारून चालता होणार, असं उमाला वाटलं. आणि भांडू दे, जाऊ दे तो साचा भंगारात, असंही तिला अगदी मनापासून वाटलं.

हेमचंद्र खोक्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत उभा राहिला. मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "उमा, गोंद कुठला लावला होतास?"