तिसऱ्या सिलिंडरची कॉइल

आशाबाई गंगापूरहून पेशंटना आपल्या पेट्रोल व्हॅनमधून शहरात नेत असे. त्या दिवशी गाडीत तिची शेजारीण जैतुनबी होती, डायलिसिसला निघालेली. सकाळची पाळी चुकली तर मशीन उद्याच मिळणार होतं, आणि जैतुनबीचे पाय आधीच सुजले होते.

वाळूजच्या अलीकडं गाडी झटके खाऊ लागली. पिकअप गेला, इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. आशाबाईनं गाडी बाभळीच्या सावलीत घेतली. येणाऱ्या जीपा खच्चून भरलेल्या. जैतुनबीला त्यात दाटीनं बसणं जमणारं नव्हतं. आशाबाईनं शहागंजातल्या कमरोद्दीन मिस्त्रीला फोन लावला. त्याला यायला दुपार होणार होती. मग काय करायचं ते मलाच सांगा, ती म्हणाली.

त्यानं सांगितलं, चार सिलिंडर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॉइल. बॅटरीचे बारा व्होल्ट ती हजारोंवर नेते, तेव्हा प्लगवर ठिणगी पडते. एक कॉइल मेली की तो सिलिंडर थंड.

आशाबाईनं पुढची सीट उचलली. खाली इंजिन तापलेलं होतं. तिनं हाताला फडकं गुंडाळलं. चावी बंद करून एका कॉइलचा सॉकेट, म्हणजे वायरचा जोड, काढायचा, गाडी चालू करून ऐकायचं, मग तो परत लावून पुढचा काढायचा. पहिला काढला, इंजिन आणखी लडखडलं. दुसऱ्यालाही तसंच. तिसरा काढला, काहीच फरक नाही; तो सिलिंडर आधीच थंड होता. खात्रीसाठी मिस्त्रीनं तिसरी आणि पहिली कॉइल अदलाबदल करायला लावली. आता पहिला सिलिंडर मेला. म्हणजे प्लग ठीक होता, कॉइलच गेली होती.

मिस्त्रीनं वाळूजच्या दुकानदाराला फोन केला. त्यानं नवी कॉइल दुचाकीवरून धाडली. तोवर जैतुनबी थकून म्हणाली, "राहू दे आशा, उद्या जाऊ."

"उद्या नाय, भाभी. आजच."

कॉइल आली. आशाबाईनं चावी बंद केली, पहिल्या सिलिंडरवरचा बोल्ट खोलला, खराब कॉइल हलकेच फिरवत वर ओढली. मनगट इंजिनला लागून भाजलं, तरी तिनं पकड सोडली नाही. नवी कॉइल नीट बसेपर्यंत दाबली, बोल्ट कसला, सॉकेट लावला. चावी फिरवली. इंजिन एकसारखं चालू लागलं.

त्या दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा सिस्टर जैतुनबीची जागा दुसऱ्याला देण्याच्या बेतात होती. जैतुनबीला पलंगावर निजवून, मशीन सुरू झालेलं बघूनच आशाबाईनं मनगट नळाखाली धरलं. मग ती थेट शहागंजात गेली.

"बाकीच्या तीन कॉइलबी जुन्याच हायत," ती मिस्त्रीला म्हणाली. "तपासा. आन् तपासताना मला शिकवा."