मडगार्डावरच्या खाचा

"दाब की अजून! घाबरलास होय रे, पुप्लार?"

आर्मां तेसरो ओरडला तेव्हा त्याच्या तोंडातला पावाचा घास अजून गिळून झाला नव्हता.

इव्हों पुप्लारने मान वळवली नाही. तो बसला होता ते आसन चार लोखंडी पायांवर हिंदकळत होतं. समोर तीन मोठे पडदे होते आणि त्यांवर ल माँ गावचा लांबलचक सरळ रस्ता सुसाट मागे पळत होता. तेसरोच्या जुन्या शर्यतीच्या गाडीचा कण न् कण लेझरने मोजून पॅरिसहून आलेल्या पोरांनी तो संगणकात उतरवला होता. आता घरबसल्या शर्यत खेळणाऱ्या हौशी मंडळींना ती गाडी विकायची होती. खरी गाडी मागेच, दिव्यांच्या झोतात उभी होती. तेसरोने आपल्या बंद पडलेल्या कारखान्याचं संग्रहालय केलं होतं आणि स्वतःच्याच गाडीचा तो पुजारी झाला होता.

पडद्यावर उंचवटा आला. पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून इव्हों त्यावर चढला. दात आवळले गेले, आणि काहीच झालं नाही. गाडी शहाण्या मुलासारखी उंचवटा उतरून पुढे गेली.

"बघा!" तेसरोने टाळी वाजवली. "बघा मंडळी! तोच रस्ता, तोच उंचवटा, तीच गाडी. उडाली का? संगणकाला काही कुणाची भीडभाड नसते."

मंडळी हसली. हसणारच. तेसरोची वाइन पीत होती, तेसरोचं रियेत पावावर थापून खात होती. डुकराच्या मांसाचा तो लगदा फुकट मिळाला की ल माँचा माणूस कोणत्याही विनोदाला हसतो. जुने मेकॅनिक, क्लबचे सभासद, नगरपालिकेतले दोघेतिघे, आणि खुर्ची पटकावून बसलेली मादाम र्‍यू. इव्होंने त्यांच्याकडे एकदा पाहून घेतलं. यांच्यातल्या एकाचंही मत त्याला पै किमतीचं वाटत नव्हतं. तरी कान तापले, याचा त्याला जास्त राग आला.

पंचवीस वर्षांपूर्वी चोवीस तासांच्या शर्यतीच्या सरावात याच उंचवट्यावर तेसरोच्या गाडीने नाक वर केलं होतं आणि इव्होंला घेऊन ती झाडांच्या शेंड्यांवरून पलीकडे जाऊन पडली होती. हाडं मोडली, पण जीव वाचला. इस्पितळात तो एकच सांगत राहिला, "मी ब्रेक दाबत होतो, पण लागतच नव्हता." बाहेर तेसरोने पत्रकारांना सांगितलं, "ब्रेक मधल्या पेडलला असतो. कुणीतरी दाखवा त्या पोराला." वाक्य छापून आलं. गावाला इतकं आवडलं, की लहान मुलांना सायकल शिकवतानासुद्धा लोक ते वापरू लागले. इव्होंला त्यानंतर कुणी गाडी दिली नाही. शेवटी बस मिळाली. शर्यतीचा तो रस्ता वर्षभर साधा सरकारी रस्ता असतो. त्यावरून मालट्रक जातात, ट्रॅक्टर जातात, आणि रोज सकाळी इव्होंची बस जाते. उंचवट्याजवळ त्याचा पाय आपोआप उचलला जातो, बस मंदावते, आणि पहिल्या बाकावरून मादाम र्‍यू न चुकता म्हणते, "सांभाळ रे बाबा, उडशील!" मग सगळी बस हसते. रोज.

आता तो आसनातून उठला नाही. "मालक," तो म्हणाला, "खाचा बुजवायला सांगा."

"कसल्या खाचा?"

"पुढच्या मडगार्डांवरच्या."

हसणं थांबलं. दिव्यांखाली उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या मडगार्डांवर आडव्या खाचा होत्या, चाकांभोवती कोंडलेली हवा वर निघून जावी, तिने नाक उचलू नये म्हणून कापलेल्या. इव्होंची गाडी उडाली त्याच आठवड्यात तेसरोच्या माणसांनी उरलेल्या दुसऱ्या, म्हणजे याच गाडीवर त्या कापल्या होत्या. आज या हॉलमध्ये उभे असलेल्यांपैकी चारजण कापताना हजर होते. त्यात गुपित असं काही नव्हतंच. जुन्या फोटोंत गाडी सपाट दिसते, नंतरच्या फोटोंत खाचांची. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे आता वाइनच्या पेल्यात पाहत होते.

"त्या पहिल्यापासून होत्या," तेसरो म्हणाला.

पॅरिसच्या कंपनीचा मालक बास्तियाँ घसा खाकरून म्हणाला, "मस्यू तेसरोंनी दिलेली गाडीच आम्ही मोजली. परवानगी त्यांची आहे. आम्ही त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही." त्याचे दात फार स्वच्छ होते.

"खाचा बुजवणं काही कठीण नाही," संगणकामागून माएल म्हणाली. पडद्यावरच्या गाडीची चाल हिनेच बसवली होती. दिवसभर कुणाशी न बोलता ती च्युइंगगम चघळत होती. "जुने फोटो आहेत माझ्याकडे. मी सपाट मडगार्डही करून ठेवलेत. दाखवू?"

"माएल!" बास्तियाँ गुरकावला.

"का? मस्यू पुप्लारांनी म्हटलं म्हणून सांगितलं."

तेसरो लाल झाला होता. पण तो घाबरला नव्हता, हे इव्होंला स्पष्ट दिसलं. या माणसाचा स्वतःच्या थापेवर विश्वास होता. त्याच्या लेखी गाड्या चुकत नसत. गाड्यांत बसणारे चुकत. आयुष्यभर त्याने ड्रायव्हर बदलले ते टायर बदलावेत तसे.

"बुजव," तेसरो म्हणाला. "खाचा असोत नाहीतर नसोत. चालवणारा शुद्धीवर असेल तर माझी गाडी जमीन सोडत नाही. ऊठ रे. मीच दाखवतो. उभ्या जन्मात चालवली नाहीयेस तितकी मी चालवून पाहिलीये."

"मालक, राहू द्या, तुमचा गुडघा—" कुणीतरी म्हणालं.

"गुडघा गेला खड्ड्यात!"

दोघांनी धरून त्याला त्या खोल आसनात बसवलं. त्याचं पोट पट्ट्यात मावेना. इव्हों बाजूला उभा राहिला. त्याला हवं होतं ते एवढंच होतं: या माणसाने सगळ्यांसमोर म्हणावं की गाडी उडाली, पोराने उडवली नाही. त्यासाठी त्याने इतकी वर्षं एक उत्तर तयार ठेवलं होतं. बस धुताना, रांगेत उभं राहताना, बायको सोडून गेली त्या दिवशीसुद्धा ते त्याने मनात घोळवलं होतं. तेसरोचंच वाक्य त्याला तेसरोच्या तोंडावर मारायचं होतं.

"पुढे एक गाडी ठेव," तो माएलला म्हणाला. "अगदी जवळ. मी तसाच होतो."

तेसरो बरा चालवत होता, हे कबूल करावं लागेल. म्हाताऱ्याचे हात स्थिर होते. पुढच्या गाडीला तो चिकटला, खुशीत काहीतरी पुटपुटला, आणि पडद्यावर उंचवटा आला.

नाक उचललं गेलं. अगदी हळू. इव्होंला ते त्याच हळूपणासह आठवत होतं. आधी रस्ता खाली घसरला, मग झाडांचे शेंडे घसरले, मग तिन्ही पडद्यांवर नुसतं आकाश उरलं. आसन मागे कलंडलं. हॉलमध्ये इंजिनाचा मोकाट सुटलेला आवाज भरून राहिला.

"ब्रेक!" तेसरो किंचाळला. "ब्रेक लागत नाहीये! मी दाबतोय, लागतच नाहीये!"

त्याचा पाय पेडलवर थरथरत होता, सगळा जोर लावून, हवेत फिरणाऱ्या चाकांना थांबवायला. मग पडदे काळे झाले.

एकेक करून सगळे इव्होंकडे पाहू लागले. ते काय ऐकायची वाट पाहत होते हे त्याला कळत होतं. मादाम र्‍यूचे तर ओठसुद्धा पुढे आले होते. तेसरोचं ते मधल्या पेडलचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. एकदा वर्मी बसलं की हीच मंडळी आता तेसरोला हसणार होती, त्याचंच रियेत खात खात. इव्होंला त्या सगळ्यांची शिसारी आली.

तेसरोचा पाय अजून ब्रेकवरच होता. घामाचे ओघळ कॉलरमध्ये उतरत होते. त्याला आसनातून उठता येत नव्हतं आणि मदत मागता येत नव्हती.

इव्हों पुढे झाला. त्याने पट्टा सोडवला आणि हात पुढे केला, रोज बसच्या दारात करतो तसा.

"उतरा," तो म्हणाला. "सावकाश. पायरी खोल आहे."

तेसरोने तो हात धरला. उभं राहिल्यावर लगेच सोडला. "यंत्र चुकलंय तुमचं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"अर्थातच, मस्यू तेसरो," बास्तियाँ म्हणाला. "अर्थातच. माएल, ते काढून टाक. गाडी खाचांचीच जाईल."

माएलने इव्होंकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि कोट घेतला. खाचांची जाऊ दे नाहीतर बिनखाचांची. त्या खेळाशी त्याचं आता काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. मादाम र्‍यू पिशव्या सावरत चढली आणि पहिल्या बाकावर बसली. बस सरळ रस्त्याला लागली. उंचवटा जवळ आला तसे तिचे ओठ सवयीने उघडले. मग मिटले. ती खिडकीबाहेर झाडांकडे पाहू लागली. मागे कुणी हसलं नाही, आणि त्या शांततेत बसचं इंजिन पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

इव्होंने ठरवलं होतं की आज वेग कमी करायचा नाही. पण उंचवटा आला आणि त्याचा पाय उचलला गेला.