चानीचा पाय

साठी जवळ आली की माणसाला भजनाचा नाद लागतो. नामाजीला मेलेल्या उंदरांत कापूस भरायचा नाद लागला. फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला आणि गड्यानं आपल्या कामावरच्या हळदीच्या गोदामात सापळ्यात मेलेले उंदीर घरी आणायला सुरुवात केली. कातडं अलगद सोलायचं, ते कुजू नये म्हणून आतून टाकणखार चोळायचा, तारेचा सांगाडा करून कापूस भरायचा आणि डोळ्यांच्या जागी काळे मणी बसवायचे. टाकणखार संपला की घरची हळद होतीच, म्हणून त्याचे निम्मे उंदीर पोटाशी पिवळेधमक. जवळा बाजार गावातले लोक तोंडावर हसत, पण बघायलाही येत.

बायकोला, अनुसयाबाईला, हे मुळीच आवडत नसे. तिचा जीव एका जिवंत खारीवर जडला होता. तिकडं खारीला चानीच म्हणतात, तीही तिला चानीच म्हणायची. दुपारी शेंगदाणे घेऊन ती ओसरीवर टेकली, की चानी लिंबावरून उतरून थेट तिच्या ओच्यात. नामाजी त्या वेळी आतल्या खोलीत सुईदोरा घेऊन बसलेला असायचा.

एका सकाळी चानी लिंबाखाली मरून पडलेली दिसली. नामाजीनं अनुसयाबाईला भीत भीत विचारलं, मी हिला राखून ठेवू का. मग तिनं चानीला पदरात उचललं आणि त्याच्या ओंजळीत दिलं. आता ही बिघडली तर बायको आपल्याला कधी माफ करणार नाही, हे नामाजीला कळून चुकलं.

हळदीवर भागवायचं नाही असं ठरवून तो लगोलग एसटीनं वसमतला गेला, ताजा टाकणखार घेऊन आला आणि कामाला बसला. सोलताना दिसलं, पुढचा उजवा पाय आत मुडपलेला. पडताना मोडला असेल, बिचारी, असं म्हणून त्यानं तार घालून तो सरळ केला. दोन्ही पंजांत शेंगदाणा देऊन तिला ऐटीत बसवलं. असली सफाई त्याच्या हाताला आजवर आली नव्हती. स्वतःवरच खूश होऊन तो तिला ओसरीवर घेऊन आला.

अनुसयाबाईनं शेपटीवरून बोट फिरवलं. मग पंजांकडं बघितलं.

"ही माझी चानी न्हाई."

तीच आहे, काय कमी पडलं ते तरी सांग, नामाजी म्हणाला.

"पाय सरळ काहून केला? पिल्लू होती तवा मांजरानं धरली होती तिला. तवापासून तिला दाणा धरता येत नव्हता, म्हणून तर माझ्या हातानं खायची. न्हाईतर झाडावरची चानी माणसाच्या ओच्यात कशाला येईल?"

नामाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती खार त्याच्याच ओसरीवर जेवत होती, आणि त्यानं तिला पहिल्यांदा नीट बघितलं ते सोलताना. तो आत गेला आणि पक्कड घेऊन आला. कातडं अजून ओलसर होतं. पाय कसा असायचा ते अनुसयाबाईनं स्वतःचं मनगट मुडपून दाखवलं. त्यानं तारेला पक्कड लावली, तोच तिनं त्याचा हात धरला.

"हळू," ती म्हणाली. "दुखंल तिला."

नामाजीनं पक्कड खाली ठेवली आणि तो पाय बोटांनीच वाकवायला घेतला.