दुमडलेले पडदे

"पडद्याला खिडकी लागते," थोरली जाऊ दारात उभी राहून म्हणाली. "तुझ्या खोलीला खिडकीच नाही. मग ते गाठोडं कशाला उराशी धरून बसलीयेस?"

शिवणवाली मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही. बोलायचं नसलं की मशीन जोरात चालवायचं, ही तिची जुनी सवय.

"असू दे, ताई. ठेवलंय."

"ठेवलंय ते दिसतंच आहे, माझ्या पायात येतं रोज. रविवारी ह्यांचे साहेब यायचेत जेवायला, बायकोला घेऊन. सोफ्याची लाज वाटते मला. त्याच कापडाची कव्हरं शिवून टाक. घरातल्या घरात होऊन जाईल."

घरातल्या घरात. घर दिराचं, सोफा जावेचा, आणि कापड तेवढं घरातल्या घरातलं. शिवणवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ज्याच्या छपराखाली राहायचं त्याच्याशी भांडायचं म्हणजे आधी चपला पायात घालून ठेवाव्या लागतात. ती "बरं" म्हणाली.

ते पडदे तिने लग्नानंतरच्या पहिल्या घरासाठी शिवले होते. चौथा मजला, बाहेरच्या खोलीला तीन खिडक्या, आणि सकाळचं ऊन असं आत यायचं की नवरा म्हणायचा, आपण भाडं या खोलीचं देतोय की उन्हाचं? गडद हिरवं जाड कापड, वर पितळी कड्या. मग मुलगी झाली, मालकाने घर विकलं, दुसरं घर घ्यावं लागलं. तिथे एकच खिडकी होती, तीही बुटकी. बघायला आलेल्या शेजारणीने सल्ला दिला, काप अर्धे. शिवणवालीने कापले नाहीत. ती दुकानात दिवसभर लोकांचे कपडे कमीजास्त करायची. माणूस बारीक होतं, परत सुटतं, पोर वाढतं. म्हणून जास्तीचं कापड ती कधी कापत नसे, आत दुमडून टाके घालायची. गिऱ्हाइकाने काप म्हटलं तरी. तिने पडदेही तसेच आत दुमडले. पुढच्या घराच्या खिडक्या मोठ्या असतील, या हिशोबाने.

पुढचं घर म्हणजे ही दिराची अडगळीची खोली. नवरा शाळेची बस चालवायचा. एक दिवस फाटकाच्या खांबाला बस घासली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण शाळेवाले डोळे तपासून घे म्हणाले. कडेचं दिसणं कमी झालं होतं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. नोकरी गेली, भाडं झेपेना, आणि बिऱ्हाड इथे आलं. "महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे," नवरा तेव्हा म्हणाला होता. "औषधं चालू आहेत. दिसायला लागलं की परत गाडी, परत घर." डोळ्यांच्या दवाखान्यात तो एकटाच जायचा. तू दुकान बुडवू नकोस, म्हणायचा.

तो घरी आला तेव्हा दाराच्या चौकटीला त्याचा खांदा नेहमीसारखा आपटला.

"ताईंना माझे पडदे हवेत. सोफ्याला."

"देऊन टाक ना. आपण नवे घेऊ की घर झालं म्हणजे."

हा माणूस उद्यावर इतका खूश असायचा की तिला कधीकधी त्याला गदागदा हलवावंसं वाटे. "तुझं काय जातं रे बोलायला? तू तोंडाने घरं बांधतोस. मला शिवावं लागतं."

"मग नको देऊस."

"नको देऊ? आणि उद्या सकाळी तुझ्या वहिनीचं तोंड कोण बघणार, तू? तू तर कडेने जाशील, तुला दिसायचंही नाही."

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. तो मात्र हसला. त्याच्या हसण्याचा तिला आणखी राग आला.

कव्हरं तिने शिवली, पण कात्री लावली नाही. अख्खे पडदे सोफ्याच्या मापाने आत दुमडले, पदरावर पदर, आणि साधा धावदोरा घातला, ओढला की निघेल असा. कड्यासुद्धा काढल्या नाहीत, आतल्या आत दडपल्या. दुकानात असं काम कुणी आणून दाखवलं असतं तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं. पण इथे तिला कव्हरं शिवायचीच नव्हती. तिला दोन महिने काढायचे होते.

"जाड झाली गं जरा," जाऊ बसून बघत म्हणाली.

"कापडच जाड आहे."

रविवारी साहेब आले. देह चांगला भरभक्कम, आणि एका जागी स्वस्थ न बसणारा. बोलताना पुढे सरकायचे, हसताना मागे रेलायचे. दीर प्रत्येक विनोदाला हसत होता. शिवणवाली पाण्याचे पेले घेऊन आली, तिने एकदा सोफ्याच्या कडेकडे पाहिलं आणि तिला कळून चुकलं. धावदोरा हा माप बघायला घालतात, माणूस बसवायला नाही. साहेब आणखी एकदा पुढे सरकले. टर्र आवाज झाला आणि त्यांच्या खालून हिरवं कापड जे सुटलं ते सुटतच गेलं, पार जमिनीवर, आणि शेवटी कड्या खळखळत बाहेर पडल्या.

साहेब उठून उभे राहिले. त्यांच्या हातात पडद्याचं एक टोक होतं, ते कुणाला द्यावं हे त्यांना कळेना.

"हा आमचा पडदा आहे," शिवणवालीची पाच वर्षांची पोरगी त्यांना म्हणाली.

पाहुणे जेवले, गेले. मग जावेने दार लावलं, कात्री आणली आणि टेबलावर आपटली.

"काप. माझ्यासमोर काप."

"ताई, कापड तुमच्याच सोफ्यावर होतं की."

"कड्यासकट? मी काय दुधखुळी आहे? माझ्या घरात राहायचं, माझं खायचं, आणि मनातून गाठोडं बांधूनच बसायचं. खोली रिकामी करताना माझे हात सोलवटले होते गं, तुम्ही यायचात म्हणून. एवढा नकोसा झालाय का जीव तुम्हाला इथे?"

"झालाय," शिवणवाली म्हणाली. आता तिचीही जीभ सुटली. "कुणाला होणार नाही? उठताबसता ऐकवता. पण दोन महिने काढा. ह्याला गाडी मिळाली की आम्ही जातो, आणि तुम्हाला दुप्पट कापड आणून टाकते."

"काप," नवरा म्हणाला.

तो भिंतीशी उभा होता. ती त्याच्या बाजूला होती, म्हणून त्याने मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मला गाडी नाही मिळणार. कडेचं गेलं ते परत येत नसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

"कधी?"

"इथे यायच्या आधी."

दीर खाली बघत राहिला. शिवणवालीला आठवलं, प्रत्येक वेळी दवाखान्यातून येताना तो पोरीसाठी काही ना काही घेऊन यायचा आणि सुधारणा आहे म्हणायचा. आणि तिने एकदाही खोदून विचारलं नव्हतं. तिला ऐकायचं तेच तो सांगत होता.

तिने खडू घेतला, कापड जमिनीवर पसरलं, माप टाकलं आणि कात्री चालवली.

"राहू दे गं आता," जाऊ हळू आवाजात म्हणाली. "उद्या बघू."

शिवणवालीने मान वर केली नाही. तिन्ही पडदे कापले. मशीनवर बसून पक्की दुहेरी शिलाई मारली. कव्हरं अशी झाली की नव्या सोफ्यावर शोभावीत. कड्या तिने जावेच्या हातात दिल्या. नवऱ्याशी ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दुकानापर्यंत सोबत यायची म्हणून नटून उभी राहिली. फ्रॉक गुडघ्याच्या बराच वर गेला होता. शिवणवालीने तो काढायला लावला, उलटा केला आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकला. वर उसवायचं हत्यार दिलं.

"समोरचं दिसतं ना? उसव."

"मला नाही येत."

"शिकशील. दुकानात गुंड्या लावायला माणूस हवंय. परत माझ्याशी खोटं बोललास तर तुझ्यासाठी दुसरं घर बघेन, एकट्याचं."

त्याने फ्रॉक डोळ्यांसमोर धरला. बोटाने टाका शोधला, तोडला, पुढचा शोधला. फार वेळ लागला. ती उभी राहून बघत होती, मदत करत नव्हती. दुमड सुटली तसा खाली लाल पट्टा निघाला, बाकीच्या विटलेल्या फ्रॉकपेक्षा गडद, अगदी दुकानातून आणल्यासारखा.

त्याच्या बोटाला आत आणखी एक जाड दुमड लागली.

"ही पण काढू?"

"नको," ती म्हणाली. "ती राहू दे."